अण्णा भाऊ साठे : तसबिरीतून वर्गात

१ ऑगस्ट या तारखेला महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात दुहेरी महत्त्व आहे. १९२० साली या दिवशी मुंबईत लोकमान्य टिळकांचे निधन झाले, आणि त्याच दिवशी त्या वेळच्या सातारा, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात, वाटेगावच्या मांगवाड्यात तुकाराम भाऊराव साठे या मुलाचा जन्म झाला. पुढे हाच मुलगा अण्णा भाऊ साठे या नावाने शाहीर, कथाकार आणि कादंबरीकार म्हणून सर्वांस परिचित झाला. योगायोगाने जुळलेल्या या तारखेमुळे राज्यातील शाळा, ग्रामपंचायती व कार्यालये यांतून त्या दिवशी एकाच टेबलावर दोन तसबिरी मांडल्या जातात, दोहोंना हार घातले जातात आणि दोघांविषयी भाषणे होतात.

या भाषणांसाठी ‘दोन पानी माहिती’ हवी, अशी मागणी जुलैच्या अखेरीस माहिती कार्यालयांकडे नेमाने येत असते. ती माहिती देण्यास अर्थातच कोणाची हरकत नाही. परंतु तीतून जे भाषण तयार होते त्याचा साचा आता ठरून गेला आहे : दीड दिवसाची शाळा, पस्तीस कादंबऱ्या, रशियाचा प्रवास आणि शेवटी विनम्र अभिवादन. टेबलावर तसबीर असते, हार असतो, उदबत्ती असते; ‘फकिरा’ची प्रत मात्र क्वचितच असते. ज्या लेखकाचे संपूर्ण सामर्थ्य त्याच्या पुस्तकांत आहे, त्याची जयंती पुस्तकावाचून साजरी व्हावी हे काहीसे चमत्कारिकच म्हणावे लागेल. प्रस्तुत लेखात अण्णा भाऊंच्या जीवनाचा व लेखनाचा परिचय करून देण्याबरोबरच, त्यांच्या कादंबरीला शाळेत कोणते स्थान देता येईल आणि ते देताना शिक्षकांसमोर कोणते प्रश्न उभे राहतात, याचा विचार केला आहे.

दीड दिवसाची शाळा

अण्णा भाऊंचे वडील भाऊराव हे मुंबईत माळीकाम व मिळेल ती मजुरी करीत. आई वालुबाई गावी राबत असे. घराणे मातंग समाजातील. इंग्रजी अमलात ज्या जातीजमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारण्यात आला होता, त्यांत या भागातील मातंगांचीही गणना होती. गुन्हेगार जमातींविषयीचा पहिला कायदा १८७१ साली झाला. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती सर्व ब्रिटिश हिंदुस्थानभर वाढली. ज्यांची नावे नोंदवहीत चढत त्यांनी ठराविक वेळी चावडीवर वा पोलीस पाटलापुढे हजेरी द्यावयाची, परवानगीवाचून गाव सोडावयाचे नाही, आणि परिसरात कोठेही चोरी झाली की प्रथम संशय त्यांच्यावर घ्यावयाचा, असा हा प्रकार होता. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली हा कायदा रद्द झाला. अण्णा भाऊंचे बालपण मात्र त्याच्या छायेतच गेले.

गावच्या शाळेत ते गेले आणि दीड दिवसात बाहेर पडले. शिक्षकाकडून मिळालेली वागणूक हे त्याचे कारण होते. हा दीड दिवस पुढे त्यांच्या चरित्रातील सर्वांत प्रसिद्ध काळ ठरला. ‘शाळा न शिकताही माणूस किती मोठा होतो’ असे त्याचे कौतुकही होऊ लागले. वस्तुतः यात कौतुक करण्यासारखे काही नाही. शाळेने एक असामान्य बुद्धीचा मुलगा दीड दिवसात गमावला, एवढाच त्याचा सरळ अर्थ आहे. वाटेगावच्या त्या शाळेतून गेलेल्या आणि परत न आलेल्या इतर मुलांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत, कारण त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या नाहीत. शिक्षकांनी १ ऑगस्टच्या भाषणात दीड दिवसाचा उल्लेख करताना या बाजूनेही तो करून पाहावा.

मुंबईची शाळा

१९३१ च्या सुमारास साठे कुटुंबाने गाव सोडले. मुंबईपर्यंतची शेकडो किलोमीटरची वाट त्यांनी पायी, वाटेत मिळेल ते काम करीत काटली. अण्णा भाऊ त्या वेळी अकरा वर्षांच्या आसपास होते. मुंबईत हमाली, फेरीवाल्याच्या पाठीवरील गाठोडे, कापडगिरणीतील झाडूकाम अशी कामे त्यांनी केली. दुकानांवरील पाट्या, भिंतीवरील जाहिराती आणि सोबत्यांची मदत यांच्या आधारे ते वाचावयास शिकले. माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये त्यांचा कम्युनिस्ट कार्यकर्त्यांशी संबंध आला व तेथून त्यांच्या वाचनाला दिशा मिळाली. मॅक्सिम गॉर्की हा त्यांचा विशेष आवडता लेखक. तळातील माणसाचे जीवन लेखनाचा विषय होऊ शकते, नव्हे तोच मुख्य विषय होऊ शकतो, हा विश्वास त्यांना या वाचनातून मिळाला असावा.

त्यांची पहिली कीर्ती मात्र कादंबरीकार म्हणून नव्हे, तर शाहीर म्हणून झाली. दुसऱ्या महायुद्धातील स्टालिनग्राडच्या लढ्यावरील त्यांचा पोवाडा गाजला. १९४४ साली अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासमवेत त्यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले आणि जुन्या तमाशाला नव्या लोकनाट्याचे रूप दिले. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘लोकमंत्र्याचा दौरा’ ही त्यांच्या लोकनाट्यांची नुसती नावे वाचली तरी त्यांचा रोख कळतो. (पंचायत सदस्यांनी यांतील शेवटची दोन अवश्य मिळवून वाचावीत, हसू येईल आणि थोडे अवघडल्यासारखेही होईल.) त्या काळच्या मुंबई सरकारला हा रोख मानवला नाही व कलापथकाच्या तमाशांवर बंदी आली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर त्यांची ‘माझी मैना’ ही लावणी गावोगाव पोहोचली. मुंबईत राबणारा नवरा आणि गावी राहिलेली त्याची बायको यांच्या ताटातुटीच्या रूपकातून त्यांनी तुटलेल्या मराठी मुलखाचे दुःख सांगितले. राजकीय मागणी इतक्या घरगुती भाषेत मांडल्याचे दुसरे उदाहरण त्या चळवळीत सापडणे कठीण.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि १९६१ साली त्याच राज्याच्या शासनाने अण्णा भाऊंच्या ‘फकिरा’ कादंबरीस पुरस्कार दिला. ज्याच्या खेळांवर एका सरकारने बंदी घातली त्याच्या पुस्तकाचा गौरव दुसऱ्या सरकारने थोड्याच वर्षांत केला. त्याच वर्षी ते सोव्हिएत रशियास जाऊन आले व ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक त्यांनी लिहिले. पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या, दहाहून अधिक कथासंग्रह, लोकनाट्ये, पोवाडे एवढे लेखन करूनही त्यांचे दारिद्र्य सरले नाही. घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत त्यांची अनेक वर्षे गेली. त्यांचे बरेचसे लेखन याच झोपडीत झाले. अखेरच्या काळात गोरेगावच्या सिद्धार्थनगरात शासनाने दिलेल्या घरात ते राहिले आणि तेथेच १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. वयाची एकोणपन्नास वर्षे पूर्ण व्हावयास अवघे दोन आठवडे बाकी होते.

‘फकिरा’तील राजकारण

राजकीय कादंबरी म्हटली की मंत्री, विधानसभा, निवडणुका आणि पक्षांतर्गत डावपेच आपल्या डोळ्यांपुढे येतात. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ (१९७२) व ‘सिंहासन’ (१९७७) या कादंबऱ्यांनी आणि १९७९ साली निघालेल्या ‘सिंहासन’ चित्रपटाने ती कल्पना आपल्या मनात पक्की केली आहे. त्याआधीच्या पिढीत ग. त्र्यं. माडखोलकर यांनी राष्ट्रीय चळवळीची पार्श्वभूमी घेऊन कादंबऱ्या लिहिल्या. या दोन्ही प्रकारांत सत्ता वरून दिसते. अण्णा भाऊंच्या ‘फकिरा’त ती खालून दिसते. तेथे सत्ता म्हणजे हजेरीची वही, धान्याच्या कोठाराचे कुलूप आणि गावच्या वेशीवरील अधिकार. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीला वि. स. खांडेकरांची प्रस्तावना आहे, आणि ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केलेली आहे. फकिरा हा पूर्णपणे कल्पित नायक नव्हे. अण्णा भाऊंच्या नात्यातील आणि वारणाकाठच्या लोकस्मृतीतील तो खरा पुरुष होता.

कथानकाचा आरंभ जोगिणीच्या जत्रेने होतो. शेजारच्या शिगावची जोगिणीची वाटी जो गाव आपल्या हद्दीत सुखरूप आणील त्या गावाला जत्रेचा मान, असा जुना संकेत. वाटेगावच्या मानासाठी फकिराचा बाप राणोजी हे साहस करतो. परंतु संकेत मोडून शिगावचा बापू खोत त्याचा जीव घेतो. येथे थांबून विद्यार्थ्यांना एक साधा प्रश्न विचारता येण्यासारखा आहे. मान गावाचा, मग मरण मांगवाड्याचे का? राणोजीच्या पराक्रमाने सारे गाव उंचावते, त्याच्या मरणाने सारे गाव शोक करते, आणि तरीही वाड्याची जागा वेशीबाहेरच राहते. अण्णा भाऊ यावर भाष्य करीत नाहीत. ते प्रसंग सांगतात आणि पुढे जातात.

पुढे फकिरा मोठा होतो. गावात नवा पाटील येतो व मांगांची हजेरी दिवसातून तीनदा सुरू होते. दिवसातून तीनदा चावडीवर हजर राहणारा माणूस कामाला कधी जाणार आणि खाणार काय, हा अगदी हिशेबी प्रश्न आहे, आणि लेखक तो तसाच मांडतो. त्यात दुष्काळ पडतो. माणसे अन्नावाचून मरू लागतात. गावचे कुलकर्णी विष्णुपंत हे या कादंबरीतील एक लक्षणीय पात्र आहे. जातीने ब्राह्मण, अधिकाराने सरकारी यंत्रणेच्या जवळचे, आणि तरीही उपाशी माणसाने काहीही करून जगले पाहिजे असे निःसंदिग्धपणे मानणारे. अण्णा भाऊंनी कादंबरीची विभागणी जातींच्या रेषेवर न करता माणसाच्या वागण्याच्या रेषेवर केली आहे, हे विष्णुपंत आणि शंकरराव पाटील या दोन पात्रांवरून ध्यानात येते. या पात्रांची विद्यार्थ्यांशी जरूर चर्चा करावी.

फकिरा धान्य लुटतो आणि वाटतो. पुढे बेडसगावचा खजिना लुटला जातो व प्रकरण थेट इंग्रज सरकारशी जाऊन भिडते. फकिरा हाती लागत नाही, तेव्हा त्याच्या माणसांना पकडून ओलीस ठेवले जाते. त्यांच्या सुटकेसाठी तो स्वतः होऊन सरकारच्या स्वाधीन होतो. हा शेवट शौर्याचा म्हणून वाचला जातो, आणि तो तसा आहेही. पण त्यात एक कायद्याचा धडाही आहे. एकाच्या गुन्ह्यासाठी संपूर्ण वस्तीला शिक्षा करता येते, ही त्या काळच्या कायद्याची मूळ बैठक होती. व्यक्तीला नागरिक म्हणून न ओळखता जमात म्हणून ओळखणारे राज्य कसे चालते, हे ‘फकिरा’ वाचून जितके समजते तितके नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील परिच्छेदाने समजत नाही. भारतीय संविधानाचे १४ ते १८ हे अनुच्छेद शिकवून झाल्यावर या कादंबरीतील हजेरीचे प्रकरण मोठ्याने वाचून पाहावे. समतेचा हक्क कशाच्या जागी आला, हे मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.

अण्णा भाऊंच्या सर्वच कादंबऱ्या या तोडीच्या आहेत असे म्हणता येणार नाही. उदरनिर्वाहासाठी त्यांना झपाट्याने लिहावे लागले. काहींत योगायोगांची गर्दी आहे, काहींत खलपुरुष फारच काळा आणि नायक फारच उजळ रंगविला आहे. मात्र ‘फकिरा’, ‘वारणेचा वाघ’, भटक्या जमातींच्या जीवनावरील ‘माकडीचा माळ’, तमासगीर स्त्रीचे आयुष्य सांगणारी ‘वैजयंता’ आणि १९४२ च्या आंदोलनाच्या पार्श्वभूमीवरील ‘वारणेच्या खोऱ्यात’ या कादंबऱ्यांना मराठीत स्वतःची जागा आहे. ‘वैजयंता’ (१९६१), ‘फकिरा’ (१९६३) आणि ‘वारणेचा वाघ’ (१९७०) यांवर चित्रपटही निघाले.

शिक्षकांसमोरील अडचणी

‘फकिरा’ विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत वेळोवेळी नेमली गेली आहे. तिच्यावर प्रबंधही लिहिले गेले आहेत. माध्यमिक शाळेत ती अवांतर वाचनासाठी घ्यावी असे सुचविले, की शिक्षकांकडून ज्या शंका येतात त्या टाळण्यासारख्या नाहीत.

पहिली शंका लुटीविषयी असते. कायदा मोडणारा नायक मुलांपुढे ठेवावा काय? या शंकेचे उत्तर कादंबरीतच आहे. तीत लूट हा शौर्याचा खेळ नसून उपासमारीपुढे उरलेला शेवटचा मार्ग आहे, आणि त्याची किंमत फकिरा स्वतः मोजतो. शिवाय ज्या कायद्याविरुद्ध तो उभा राहतो, तो कायदा स्वतंत्र भारताने स्वतःच रद्द केला. ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली तेव्हा त्यास सात वर्षे झाली होती. अमेरिकेतही असा प्रश्न आला होता. दुष्काळ व कर्ज यांमुळे उजाड होऊन कॅलिफोर्नियात मजुरीसाठी गेलेल्या शेतकरी कुटुंबाची कथा सांगणारी जॉन स्टाइनबेक यांची ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ ही कादंबरी १९३९ साली प्रसिद्ध झाली. जेथील मजुरांच्या हालांचे तीत वर्णन होते, त्याच कर्न परगण्याने आपल्या शाळांतून व ग्रंथालयांतून तिच्यावर बंदी घातली. ती बंदी दीड वर्षाच्या आत उठली. पुढे हीच कादंबरी त्या देशातील शाळांतून सर्रास शिकविली जाऊ लागली आणि १९६२ साली तिच्या लेखकास नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरी शंका जातिवाचक शब्दांविषयी. कादंबरीत जातींची नावे जशीच्या तशी येतात. त्या समाजातील मुले वर्गात बसलेली असताना ते शब्द मोठ्याने वाचणे अवघड वाटते, आणि ही काळजी रास्त आहे. शब्द गाळून वाचणे हा मात्र त्यावरील उपाय नव्हे. हे शब्द लेखकाने स्वतःच्या समाजाविषयी, अभिमानाने आणि वेदनेने वापरले आहेत, हे वाचनापूर्वीच वर्गास स्पष्टपणे सांगावे. कोणत्याही विद्यार्थ्यास त्याच्या जातीचा प्रतिनिधी म्हणून उभे करून प्रश्न विचारू नये. आणि वर्गाबाहेर कोणी त्या शब्दांचा चिडविण्यासाठी वापर केला, तर मुख्याध्यापकांनी ती बाब गंभीर मानावी. हा लेखक एका शिक्षकाच्या वागणुकीमुळे शाळेबाहेर पडला होता, एवढी आठवण शिक्षकाने स्वतःशी ठेवली तरी पुष्कळ सावधपणा येईल.

तिसरी अडचण अण्णा भाऊंच्या राजकीय विचारांची. ते कम्युनिस्ट होते. त्यांच्या भाषणांत व पोवाड्यांत लाल बावटा आहे, आणि देशास मिळालेले स्वातंत्र्य कष्टकऱ्यांपर्यंत पोहोचले नाही, अशी त्यांची तीव्र टीकाही आहे. जयंतीच्या भाषणांत हा भाग सहसा गाळला जातो. परंतु मग त्यांनी रशियाचा प्रवास का केला, स्टालिनग्राडवर पोवाडा का रचला, हे मुलांना कळणार कसे? लेखकाचा विचार समजून घेणे म्हणजे तो स्वीकारणे नव्हे. १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून कष्टकऱ्यांच्या तळहातावर तोललेली आहे, अशा आशयाचे त्यांचे तेथील विधान सर्वत्र उद्धृत होते. त्या एका विधानात मार्क्सचा प्रभाव किती आणि लोककथेचा किती, यावर नववी-दहावीच्या मुलांची चांगली चर्चा होऊ शकेल.

एवढी मोठी कादंबरी वर्गात घेणे शक्य नसेल तेथे ‘स्मशानातील सोनं’ ही कथा घ्यावी. भीमा हा वारणेकडील धिप्पाड गडी मुंबईच्या उपनगरात दगडाच्या खाणीवर काम करीत असतो. खाण बंद पडते. प्रेतांच्या राखेत सोने सापडते हे त्याला कळते आणि तो मसणवटीत सोने शोधू लागतो. एका रात्री तो प्रेतासाठी कोल्ह्यांशी झुंजतो. प्रेताच्या तोंडातील सोन्यासाठी घातलेली बोटे जबड्यात अडकतात, आणि ती तो कायमची गमावतो. नंतर बातमी येते की बंद पडलेली खाण सुरू झाली आहे. बेकारी म्हणजे काय, हे सांगणारी याहून भेदक कथा मराठीत क्वचितच असेल. दलित साहित्याचा जो ‘पॉयझन्ड ब्रेड’ हा इंग्रजी संग्रह १९९२ साली निघाला, त्यात ही कथा समाविष्ट आहे. लहान इयत्तांसाठी मात्र ती योग्य नव्हे.

मराठवाड्याच्या संदर्भात

अण्णा भाऊंचे कथाविश्व वारणेच्या खोऱ्यातले. छत्रपती संभाजीनगर, जालना वा बीड येथील विद्यार्थ्यास ते दूरचे वाटणे स्वाभाविक आहे. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता; येथील माध्यमिक व उच्च शिक्षणाची भाषा प्रामुख्याने उर्दू होती, त्यामुळे शाळेबाहेर राहिलेल्यांची येथील कारणेही थोडी निराळी होती. दलित साहित्याच्या चळवळीशी मात्र या शहराचा संबंध जुना आहे. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे १९५० साली महाविद्यालय सुरू केले, तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. डॉ. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक येथूनच निघत असे व नव्या दलित लेखकांच्या दोन-तीन पिढ्या त्यातून पुढे आल्या. अण्णा भाऊंनी उघडलेली वाट या शहरात अशा रीतीने रुंद झाली.

भाषेची अडचण सांगितली जाते ती फारशी खरी नाही. अण्णा भाऊंचे निवेदन सुबोध प्रमाण मराठीत आहे. संवाद तेवढे वारणाकाठच्या बोलीत येतात. ते शाहीर होते, त्यामुळे त्यांचे वाक्य कानासाठी लिहिलेले असते. मनात वाचण्यापेक्षा मोठ्याने वाचले असता ‘फकिरा’ अधिक खुलते, असा अनुभव येतो. एखादा बोलीतील शब्द अडला तर आपल्या गावात त्याला काय म्हणतात हे मुलांनी घरी विचारून यावे. आजीआजोबांना विचारण्याजोगा गृहपाठ अलीकडे दुर्मिळ झाला आहे.

ग्रामपंचायतींसाठी येथे एक सूचना करावीशी वाटते. मराठवाड्यातील अनेक गावांत अण्णा भाऊंच्या नावाची सभागृहे, कमानी व चौक आहेत. सभागृह असेल तेथे एक कुलूपबंद कपाट आणि त्यात त्यांची पाच-दहा पुस्तके ठेवण्यास मोठा खर्च येत नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने अर्जुन डांगळे यांच्या संपादनाखाली १९९८ साली त्यांचे निवडक वाङ्मय एका ग्रंथात प्रसिद्ध केले आहे. त्याविषयी शासकीय ग्रंथागारात चौकशी करता येईल. १४ सप्टेंबर २०२२ रोजी मॉस्कोतील परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णा भाऊंच्या पुतळ्याचे अनावरण झाले. तेथे निदान पुतळ्याच्या भोवती पुस्तके तरी आहेत.

याहूनही महत्त्वाचा संबंध स्थलांतराचा आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, ऊसतोड मजुरांची कुटुंबे साखर कारखान्यांच्या भागाकडे निघतात. त्यांतील कित्येक सांगली-कोल्हापूरकडे, म्हणजे वारणा आणि कृष्णेच्या खोऱ्यांत जातात. नव्वद वर्षांपूर्वी ज्या वाळवा तालुक्यातून साठे कुटुंब पोटासाठी पायी बाहेर पडले, त्याच तालुक्यात आज मराठवाड्यातील कुटुंबे पोटासाठी येऊन पाचटाच्या खोपीत राहतात. त्यांच्याबरोबर त्यांची मुलेही असतात. वर्गाच्या हजेरीपटावर नोव्हेंबरपासून ती गैरहजर दिसू लागतात आणि एप्रिलनंतर परततात. काही परतत नाहीत. मुले गावी राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहे आहेत, जी जातात त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्डाची व्यवस्था आहे, पूर्वी कारखान्यांच्या आवारात साखरशाळाही चालत. या योजना जेथे वेळेवर राबविल्या जातात तेथे मुले शाळेत टिकतात. त्या उशिरा सुरू झाल्या की कोयता निघून गेलेला असतो, आणि मग वसतिगृह कागदावर भरते. गटशिक्षणाधिकारी, मुख्याध्यापक आणि सरपंच या तिघांनाही हे पक्के ठाऊक आहे.

अशा मुलाला ‘फकिरा’ वा अण्णा भाऊंचे चरित्र दूरचे वाटण्याचे कारण नाही. बाराव्या वर्षाच्या आत गाव सोडणे म्हणजे काय, हे त्या मुलास आपल्यापेक्षा अधिक कळते. वर्गात ते बोलण्याची त्याला संधी मिळाली, तर कदाचित प्रथमच त्याच्याकडील ज्ञान इतरांपेक्षा जास्त ठरेल.

वेळापत्रकाच्या दृष्टीनेही हे जुळण्यासारखे आहे. जयंती १ ऑगस्टला येते आणि ऊसतोडीसाठी वाहने साधारणतः ऑक्टोबरच्या अखेरीपासून निघू लागतात. त्या दिवशी भाषणाऐवजी ‘फकिरा’चे पहिले प्रकरण वाचले, आणि पुढे आठवड्यातून दोन तासिका त्यासाठी राखून ठेवल्या, तर टोळ्या गाव सोडण्यापूर्वी कादंबरी वाचून पूर्ण होते. त्याच तीन महिन्यांत हंगामी वसतिगृहासाठी मुलांची यादी करून ती गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावयाची असते.